पंधरा वर्षांवरील छोट्या गाडीची देखभाल तारखेवर कशी ठेवावी

आमच्या घरी २००९ सालची अल्टो आहे. गेली काही वर्षे ती वर्षाला जेमतेम साडेतीन-चार हजार किलोमीटर धावते. कोल्हापुरातला बाजारहाट, दवाखाना, लग्नकार्ये आणि वर्षातून तीन-चार वेळा आंबा घाटाने रत्नागिरी, एवढाच तिचा प्रवास. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत प्रत्येक कामापुढे किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतात आणि यांपैकी जे आधी पुरे होईल ते धरावे, अशी सूचना असते. गाडी नवी असताना किलोमीटर आधी पुरे होतात, त्यामुळे आपल्याला तोच एक आकडा पाहण्याची सवय लागते. पुढे रोजच्या धावपळीसाठी दुसरी गाडी येते, जुनीचा वापर उतरतो, महिने आधी पुरे होऊ लागतात आणि तरीही आपण मीटरकडे पाहूनच ‘अजून कुठे पाच हजार झाले’ असे म्हणत राहतो. तेवढ्या काळात रबर कडक होते, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत राहते आणि बॅटरी हळूहळू बसते. म्हणून अशा गाडीची देखभाल मीटरवर न सोडता दिनदर्शिकेवर आणावी.

त्यासाठी पहिली गरज एका वहीची आहे. मोबाइलमध्ये नोंदी ठेवता येतात, परंतु वही गाडीतच राहते आणि मेकॅनिकसमोर उघडता येते, म्हणून मला वहीच बरी वाटते. प्रत्येक ओळीत तारीख, मीटरवरचा आकडा, केलेले काम, घातलेल्या पार्टची कंपनी आणि खर्च एवढे लिहावे. गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे कसलीच नोंद नसेल, तर काहीही बदललेले नाही असे समजून वही सुरू करावी आणि इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव), एअर फिल्टर, प्लग आणि सर्व बेल्ट हे एकदाच उरकून घ्यावे. हा खर्च सुरुवातीला जड वाटतो, पण त्यानंतर प्रत्येक गोष्टीची तारीख आपल्याला ठाऊक असते आणि अंदाजावर गाडी चालवावी लागत नाही.

वर्षाची विभागणी महाराष्ट्रातल्या हवामानाने आपोआपच करून दिली आहे. पावसाळ्याआधी मे महिन्यात एक मोठी पाहणी, पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या आधी दुसरी, आणि मधल्या काळात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा-पंधरा मिनिटांची फेरी. ही मासिक फेरी गाडी सुरू करण्यापूर्वी, इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागेवर उभी असताना करावी. आधी गाडी हातभर पुढे ढकलून ती जिथे उभी होती तिथली फरशी पाहावी. काळा, चिकट डाग इंजिन ऑइलचा असतो. हिरवट किंवा लालसर आणि बोटाला किंचित बुळबुळीत लागणारा थेंब कूलंटचा असतो. मागच्या किंवा पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर ते ब्रेक ऑइल असण्याची शक्यता असल्याने गाडी तशीच गॅरेजपर्यंतही न नेता मेकॅनिकला घरी बोलवावे. एसी चालवल्यानंतर पडणारे स्वच्छ पाणी मात्र निरुपद्रवी असते.

त्यानंतर बॉनेट उघडून ऑइलची गेज काढावी, फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग काढून वाचावी. पहिल्याच वेळी काढलेल्या गेजवरचे ऑइल खरी पातळी सांगत नाही. पातळी दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ असावी. ऑइल काळे दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पेट्रोल इंजिनातही काही अंतर चालल्यावर ते काळसर होतेच. पण गेजवर किंवा ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ चहासारखा थर दिसला, तर लक्ष द्यावे. पावसाळ्यात गाडी फक्त दोन-दोन किलोमीटर फिरत असेल, तर इंजिन पुरेसे न तापल्याने झाकणाखाली थोडा ओलावा साचतो आणि एकदा तीस-चाळीस किलोमीटर सलग चालवली की तो जातो. गेजवरचे ऑइलही तसेच दुधाळ असेल आणि सोबत कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखाली बसवलेल्या पट्टीतून, पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याचा संभव आहे, आणि अशा स्थितीत गाडी चालवणे म्हणजे बेअरिंगांचा जीव घेणे होय.

अल्टोचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मारुती ८०० च्या घराण्यातले आहे आणि त्याचे ऑइल बदलणे हे सर्वांत सोप्या कामांपैकी एक आहे. मीटर काहीही सांगो, बारा महिन्यांनी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. नुसते ऑइल बदलून जुना फिल्टर ठेवणे म्हणजे अंघोळ करून मळके कपडे पुन्हा चढवणे होय. ग्रेड पुस्तिकेत दिलेलीच घ्यावी. गाडी जुनी झाली म्हणून अधिक घट्ट ऑइल घालावे, हा सल्ला वारंवार ऐकू येतो, पण इंजिन ऑइल पीत नसेल आणि निळसर धूर येत नसेल, तर त्याची गरज नाही. काम घरी करणार असाल तर इंजिन कोमट असताना ऑइल काढावे, खालच्या नटाचा वॉशर दर वेळी नवा घालावा, नव्या फिल्टरच्या रबरी कडेला बोटाने थोडे नवे ऑइल लावावे आणि फिल्टर हातानेच घट्ट करावा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वर्षी निघता निघत नाही. काढलेले ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. डब्यात भरून गॅरेजमध्ये दिले की तेथून ते भंगारवाल्यामार्फत पुढे जाते. आणि हे सर्व करताना गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली जाण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. गाडीखाली जायचेच असेल तर पक्के स्टँड लावावेत आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड द्यावेत.

थंड ठेवणाऱ्या यंत्रणेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण छोटी जुनी गाडी रस्त्यात बंद पडते ती बहुतेकदा हिच्यामुळे किंवा बॅटरीमुळे. कूलंट हे रंगीत पाणी नव्हे. त्यातले ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि त्यातली इतर द्रव्ये ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतात. आपल्याकडे बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. ते दोन उन्हाळे रेडिएटरमध्ये घातले की आतल्या बारीक नळ्यांत चहाच्या भांड्याला धरतो तसा पांढरा थर धरतो. म्हणून तयार मिश्रणाचे कूलंट वापरावे किंवा घट्ट कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळावे, आणि दोन-तीन वर्षांनी ते पूर्ण काढून नवे भरावे. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी थेट चेहऱ्यावर उडते. ते झाकणही एक पार्ट आहे, त्यातली स्प्रिंग आणि रबर थकते, आणि नवे झाकण घातल्याने वारंवार पाणी कमी होण्याची तक्रार मिटल्याचे मी पाहिले आहे.

आमच्या गाडीत एका हिवाळ्यात तापमानाचा काटा नेहमीच्या जागेपर्यंत चढेनासा झाला. ॲव्हरेजही उतरले. मला वाटले, गाडी थंड राहते आहे हे चांगलेच. पुढे दुसऱ्या मेकॅनिकने रेडिएटरचा वरचा रबरी पाइप काढून आत बोट घातले आणि म्हणाले, “साहेब, इथे थर्मोस्टॅटच नाही.” इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी ही झडप आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत काढून टाकली गेली होती आणि मला कोणी सांगितले नव्हते. गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे, पण त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते, तोवर जास्त पेट्रोल जाते आणि इंजिनाची झीजही वाढते. थर्मोस्टॅट अडकत असेल तर तो बदलावा, काढून टाकू नये. पंखा तपासण्याची पद्धत सोपी आहे. एसी बंद ठेवून गाडी जागेवर सुरू ठेवावी, काटा मध्याजवळ आल्यावर काही वेळाने पंखा आपोआप फिरू लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने थांबलाही पाहिजे. हे घाटात कळण्यापेक्षा दारात कळलेले बरे. एखाद्या गॅरेजवाल्याने पंखा बॅटरीशी कायमचा जोडून देण्याचे सुचवले, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

टायमिंग बेल्टची अडचण अशी की तो कसलीही पूर्वसूचना देत नाही. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि पिस्टनने फिरणारा क्रँकशाफ्ट यांचा ताल राखणारा हा दातेरी रबरी पट्टा कव्हरखाली दडलेला असतो, त्यामुळे त्याची अवस्था बाहेरून दिसत नाही. तो तुटला तर नशीब बरे असल्यास गाडी फक्त जागच्या जागी बंद पडते. अनेक इंजिनांत मात्र पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. नंतरच्या के-सीरिज इंजिनाच्या छोट्या गाड्यांत बेल्टऐवजी चेन आहे, म्हणून आपल्या गाडीत काय आहे ते आधी पुस्तिकेतून पक्के करावे. बेल्ट असेल तर पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट न पाहता, कमी धावणाऱ्या गाडीत तो सहा-सात वर्षांनी बदलावा असे माझे मत आहे, आणि त्याच वेळी बेल्ट ताणून धरणारे टेन्शनर बेअरिंगही नवे घालावे, कारण मजुरी दोन्हींची एकच पडते. आतून ऑइल गळून बेल्ट ओला झालेला आढळला, तर आधी ते सील बदलावे, नाहीतर नवा बेल्टही काही महिन्यांत फुगतो.

रबराचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलच्या पाइपांबद्दल सांगायला हवे. आता पंपावर मिळणारे पेट्रोल बहुतेक ठिकाणी ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. जुन्या गाड्यांत काही रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वतःच म्हटले होते. आपल्यापुरता त्याचा अर्थ असा की मेच्या पाहणीत टाकीपासून फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप बोटांनी दाबून पाहावेत. पाइप मऊ, चिकट झाला असेल, वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील किंवा बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येत असेल, तर तो त्याच दिवशी बदलावा. बदलताना इंजेक्शनच्या दाबाला चालणारा इंधनाचाच पाइप घ्यावा. दुकानात मीटरवर मिळणारा साधा पाइप दिसायला तसाच असला तरी तो या कामाचा नाही. इथेनॉल ओलावा शोषते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिना-महिना उभी राहणार असेल, तर टाकी तळाशी आणून ठेवू नये.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. ते ओलावा शोषत जाते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. गावात फिरताना याचा पत्ता लागत नाही, पण आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ऑइलमध्ये वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखे मऊ होत खाली जाते. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम म्हणूनच आजही पाळण्यासारखा आहे. डब्यातली पातळी हळूहळू उतरत असेल तर आधी पुढच्या ब्रेकची पॅड पाहावीत, कारण पॅड झिजली की पातळी उतरतेच. नुसते वरून ऑइल ओतून समाधान मानू नये. मागचे ड्रम वर्षातून एकदा उघडून लायनरची, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तराची, धूळ साफ करावी आणि व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का ते पाहावे. पावसाळ्यात गाडी धुऊन किंवा पाण्यातून आणून हँडब्रेक ओढून आठ-दहा दिवस उभी केली, तर लायनर ड्रमला चिकटून बसतात. त्याऐवजी गाडी सपाट जागेत पहिल्या गिअरवर ठेवून चाकांना दगड लावावेत.

टायरच्या बाबतीत छोट्या गाडीचे मालक हमखास फसतात, कारण नक्षी शिल्लक दिसते. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. सहा वर्षांच्या पुढे गेलेल्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर आणि नक्षीच्या खाचांत बारीक चिरा शोधाव्यात आणि त्या आढळल्यास नक्षी कितीही खोल असली तरी टायर बदलावेत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की खाचांतील उंचवटे टायरच्या पृष्ठाशी समपातळीत येतात, ती कायद्याची अखेरची मर्यादा आहे. पावसाळ्यासाठी मात्र तोवर थांबू नये. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी आणि स्टेपनीला विसरू नये. पंक्चर काढायला बसल्यावर स्टेपनीच बसलेली निघाली, असा प्रसंग बहुतेकांनी एकदा तरी भोगलेला असतो.

पुढचे चाक एका बाजूला पूर्ण वळवून त्यामागे डोकावले की एक्सलचा घडीघडीचा काळा रबरी बूट दिसतो. त्याला चीर पडून आतले ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूवर उडालेले दिसले, तर बूट आणि ग्रीस लगेच बदलून घ्यावे. बूट स्वस्त असतो. दुर्लक्ष केले तर धूळ आणि पाणी आत जाऊन सांधा झिजतो, वळताना कट-कट आवाज येऊ लागतो आणि मग पूर्ण सांधाच बदलावा लागतो. वीस सेकंदांची ही नजर दर महिन्याला टाकण्यासारखी आहे.

बॅटरीसाठी एक साधा मल्टिमीटर घरी ठेवावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. पहिला आकडा कमी आणि दुसरा ठीक असेल तर बॅटरी थकली आहे किंवा गाडी फारच कमी चालते आहे. दुसराच कमी असेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट पाहावा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून वर पेट्रोलियम जेली लावावी. वायर काढताना आधी निगेटिव्ह काढावी आणि लावताना ती शेवटी लावावी.

मेच्या पाहणीत वायपरचे रबर बदलणे, सर्व दिवे तपासणे आणि एअर फिल्टर पाहणे ही नेहमीची कामे होतातच. माझा आग्रह एका दुर्लक्षित जागेसाठी आहे. काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते तिच्यात झाडाची पाने साचतात, पाण्याची वाट तुंबते आणि पाणी डॅशबोर्डखालून पायाशी उतरते. वरचे मॅट कोरडे दिसते, खालचे जाड अस्तर मात्र महिनोन्‌महिने ओले राहते आणि पत्रा आतून सडतो. तीच गोष्ट दरवाजांच्या खालच्या कडेवरील बारीक भोकांची. ती काडीने मोकळी ठेवावीत. किनाऱ्यावर गाडी नेली असेल तर घरी परतल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी, कारण खाऱ्या हवेत पत्र्याला गंज फार लवकर धरतो. दिवाळीच्या पाहणीत मॅट काढून, पायाखालचे कार्पेट उचलून उन्हात वाळवावे आणि पत्र्यावर फोड दिसल्यास तिथे घासून, प्रायमर मारून रंग लावावा. बॉनेटखाली उंदरांच्या लेंड्या किंवा कुरतडलेले इन्शुलेशन दिसले तर तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या असे सर्व घरगुती उपाय करून पाहता येतात, पण माझ्या अनुभवात गाडी दर दोन-तीन दिवसांनी जागची हलवणे आणि जवळ धान्य-कचरा न ठेवणे यांचाच खरा उपयोग होतो.

गॅरेजमध्ये काम टाकताना वहीतून यादी काढून कागदावर लिहून द्यावी आणि बदललेले जुने पार्ट परत मागावेत. चांगला मेकॅनिक याचा राग मानत नाही, उलट जुन्या पार्टवर बोट ठेवून तो कुठे झिजला ते दाखवतो. तक्रार सांगताना “आवाज येतो” एवढेच न म्हणता तो थंड इंजिनावर येतो की गरम, वळताना येतो की खड्ड्यात, ब्रेक दाबल्यावर थांबतो की वाढतो, हे सांगितले तर त्याचा अर्धा दिवस आणि आपली निम्मी मजुरी वाचते.

कागदपत्रांच्या तारखाही याच वहीत असाव्यात. बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या गाडीला पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र, दर सहा महिन्यांनी लागते. ती काढायला जाण्यापूर्वी एअर फिल्टर आणि प्लग स्वच्छ असावेत आणि गाडी निदान आठ-दहा किलोमीटर चालून पुरती तापलेली असावी, म्हणजे थंड इंजिनामुळे आकडे उगाच वर जात नाहीत. नोंदणीला पंधरा वर्षे झाली की पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. अर्ज मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो. आरटीओच्या तपासणीत दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर, ब्रेक, नंबरप्लेट आणि पत्र्याची अवस्था पाहिली जाते. तारखेच्या तीन महिने आधी, शक्य असेल तर मेच्या किंवा दिवाळीच्या पाहणीतच ही सर्व कामे जोडून घेतली, तर तपासणीच्या दिवशी गाडी फक्त धुऊन न्यावी लागते.